नऊ वर्षांची सेडान आणखी सहा वर्षं चालवायची, तर खर्च नेमका कुठे येतो?

प्रश्न असा आहे: नऊ वर्षं जुनी, १,१०,००० किलोमीटर चाललेली, एकाच मालकाकडे राहिलेली पेट्रोल ऑटोमॅटिक सेडान घ्यायची आहे. घरात चार माणसं, रोजचा शहरातला प्रवास आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी. गाडी अजून सहा वर्षं वापरायचा विचार आहे. मित्र सांगतो, लाख किलोमीटर उलटले की गाडी म्हणजे पांढरा हत्ती. त्याचं खरं मानायचं का, आणि दुरुस्तीला वर्षाकाठी किती धरायचं?

सत्तावीस वर्षं गाड्या खोलतोय आणि जोडतोय, त्यावरून सांगतो. मित्राने पाहिलंय ते खरं आहे, त्याने लावलेला अर्थ चुकीचा आहे. लाखाच्या आकड्यावर इंजिनात काहीही घडत नाही. वेळेवर तेल मिळालेलं साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन अडीच-तीन लाख किलोमीटर तक्रार न करता ओढतं. घडतं ते वेळापत्रकात. कंपनीच्या देखभालीच्या तक्त्यात नव्वद हजार ते सव्वा लाख या टप्प्यात मोठी कामं एकदम येऊन पडतात: टायमिंग बेल्ट, इरिडियमचे स्पार्क प्लग, गिअरबॉक्सचं तेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), शॉकअब्सॉर्बर, टायरचा पुढचा संच. गॅरेजवाला ही यादी मालकाला वाचून दाखवतो, मालक मान डोलावतो आणि घरी जाऊन गाडी विकायला काढतो. म्हणजे गाडी तुमच्या नावावर होते तेव्हा तिची थकबाकीही तुमच्याच नावावर होते. पहिल्या वर्षी एकामागून एक बिलं येतात आणि दोष लाखाच्या आकड्याला जातो.

म्हणूनच ‘वर्षाला सरासरी किती’ या प्रश्नाचं उत्तर फारसं कामाचं नाही. खर्च सरासरीने येत नाही, गठ्ठ्याने येतो. माझा ठोकताळा असा: या वयाच्या साध्या पेट्रोल सेडानला पहिल्या वर्षी खरेदी किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम थकबाकी मिटवायला बाजूला ठेवा. ती मिटली की पुढची दोन-तीन वर्षं ५ ते ७ टक्क्यांत निघतात. मग एखाद्या वर्षी एक मोठं काम उभं राहतं: एसीचा कॉम्प्रेसर, पुढचं सगळं सस्पेन्शन, नाहीतर गिअरबॉक्स. पहिल्या दोन कामांना गाडीचा खर्च म्हणता येतं. गिअरबॉक्सचं काम निघालं तर सगळं गणितच बदलतं, आणि ऑटोमॅटिक घेणाऱ्याने सर्वांत आधी त्याचाच विचार करायला हवा.

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. जुन्या पद्धतीचं, तेलाच्या प्रवाहातून ताकद पोहोचवणारं टॉर्क कन्व्हर्टरचं ऑटोमॅटिक, दोन पुली आणि पोलादी पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी, दोन क्लचचं ड्युअल क्लच, आणि साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर क्लच दाबणारे हात बसवलेलं एएमटी. या चौघांचं म्हातारपण चार प्रकारचं असतं. टॉर्क कन्व्हर्टरवालं सर्वांत सोशिक. तेल बदलत राहिलात तर ते बहुधा गाडीइतकंच जगतं. एएमटीचा खर्च म्हणजे क्लच आणि अ‍ॅक्चुएटर, म्हणजे क्लच दाबणारे ते हात, त्यामुळे बिल आटोक्यात राहतं. ड्युअल क्लचमध्ये कोरड्या क्लचचे प्रकार शहरी गर्दीत लवकर झिजतात, कारण गाडी पुढे सरकताना प्रत्येक वेळी क्लच थोडा घसरतो. सीव्हीटी हे मात्र तेलावर जगणारं यंत्र आहे. पट्टा आणि पुली यांच्यातली पकड त्या खास तेलावर अवलंबून असते. दुसरं कुठलं ‘चालतं हो’ म्हणून ओतलेलं तेल पुलीच्या पृष्ठभागावर ओरखडे पाडतं, आणि त्यानंतर दुरुस्ती नसते, गिअरबॉक्सच बदलावा लागतो.

‘यात आयुष्यभराचं तेल आहे, बदलायचं नसतं’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून तुम्ही ऐकाल. कदाचित गाडीच्या पुस्तिकेतही दिसेल. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. तिचे गिअरबॉक्स बसवणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत ‘लाइफटाइम’ लिहिलेलं असतं, आणि खुद्द झेडएफ सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी तेल बदला. यंत्र बनवणारा बदला म्हणतो आणि गाडी विकणारा नको म्हणतो, तेव्हा कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. मी शहरातल्या गाड्यांचं ६०,००० च्या आसपास बदलतो.

याला जोडून एक समजूत सगळीकडे ऐकू येते: जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बिघडतो. यामागे खरी गोष्ट एवढीच, की लोक तेल बदलायला आणतात तेव्हा गिअरबॉक्स आधीच घसरत असतो. क्लचप्लेटा झिजलेल्या असतात, त्यांचीच बारीक भुकटी जुन्या तेलात पसरून कशीबशी पकड देत असते. नवं तेल घातलं की ती भुकटी जाते आणि आजार उघडा पडतो. नीट चालणाऱ्या गिअरबॉक्सचं तेल बदलून तो बिघडलेला मी पाहिलेला नाही. फक्त दाबाने ‘फ्लश’ करू नका. बोल्ट उघडून खाली येईल तेवढं काढायचं, तेवढंच भरायचं, आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच करायचं. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं तेलच बाहेर येतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात. हे काम संथ आहे, पण सुरक्षित आहे.

गिअरबॉक्स तपासायचा तर गाडी रात्रभर थंड असताना तपासा. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. ते कोमट लागलं तर का लागलं ते विचारा. थंड इंजिनावर डी टाकल्यावर गाडी एका सेकंदात ओढ घेते का? आर टाकताना धक्का बसतो का? मग अर्धा तास चालवा. मोठ्या रस्त्यावर आणि गर्दीत, दोन्हीकडे. उतारावर नाही, चढावर. इंजिनाचे फेरे वाढतायत पण वेग वाढत नाही, असं एकदा जरी झालं तरी ती गाडी सोडून द्या. भाव कमी करून देतो म्हणाला तरी सोडा.

आता टायमिंग बेल्ट. पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट, या दोघांना एका तालात ठेवणारा हा रबरी दातेरी पट्टा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि हा सगळा ताल त्या एका पट्ट्यावर असतो. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन आळीपाळीने एकाच जागेत येतात. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, क्रँकशाफ्ट वेगात फिरत राहतो, आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक पडतं. तुटण्याआधी पट्टा काही सांगत नाही. ना आवाज, ना दिवा. गाडीगणिक ९०,००० ते १,५०,००० किलोमीटर किंवा ५ ते १० वर्षं अशी त्याची मुदत असते, आणि दोन्हींपैकी आधी येईल ती खरी. तुमची गाडी नऊ वर्षांची आहे. पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. ‘बदललाय हो, पावती सापडत नाहीये’ याला मी नाही असंच समजतो.

पट्ट्याबरोबर टेन्शनर (त्याला ताण देणारा भाग), आयडलर (त्याला वाट देणारी पुली) आणि (पट्ट्यावर चालत असेल तर) वॉटर पंपही बदला. लोक इथे चुकीची काटकसर करतात. पंपापर्यंत पोहोचायला तेच सगळं पुन्हा उघडावं लागतं, म्हणजे आज वाचवलेला पंप वर्षभराने दुप्पट मजुरी घेऊन येतो.

तुमच्या इंजिनात पट्ट्याऐवजी टायमिंग चेन असेल तर बरं, पण निर्धास्त होऊ नका. चेन ‘ताणते’ असं आपण म्हणतो. खरं तर धातू ताणला जात नाही. प्रत्येक कडीतल्या पिनेचं भोक कणभर झिजतं, आणि अशा सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांबते. ही झीज वाढवतं ते घाणेरडं तेल. म्हणून दहा हजारांऐवजी वीस हजारांना तेल बदलणाऱ्या मालकाची गाडी चेनच्या आवाजावरून ओळखू येते: थंड इंजिन चालू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. तेलाचा दाब टेन्शनरपर्यंत पोहोचला की आवाज बंद. विकणारा गाडी आधीच गरम करून का ठेवतो, त्याचं हे एक उत्तर.

इंजिन मारणाऱ्या गोष्टींत माझ्या मते पहिला नंबर मात्र कूलंटचा. इंजिन स्वतःहून क्वचित मरतं. बहुतेक वेळा ते गरम करून मारलं जातं. एका कुटुंबाची गाडी माझ्याकडे टो करून आली. वरच्या होजच्या क्लिपमधून थेंब थेंब गळत होतं. मालक दर आठवड्याला नळाचं पाणी ओतत होते, वर्षभर. मी विचारलं, गाडी गरम होताना काटा वर गेला नाही का? म्हणाले, काटा शेवटपर्यंत मधेच होता. ते खोटं बोलत नव्हते. आजकालच्या कित्येक गाड्यांत तापमान बरंच वरखाली झालं तरी काटा मुद्दाम मधेच स्थिर ठेवलेला असतो, माणूस उगाच घाबरू नये म्हणून. त्यात पाणी इतकं कमी झालं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत आला तर त्याला खरं तापमान कळतच नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, बाक धरून बसलं होतं, त्याच्याखालचं गॅस्केट गेलं होतं. एका क्लिपचं काम होतं, इंजिन खोलावं लागलं.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, झाकण दाब धरत असेल तर, १२५ अंश सेल्सियसच्याही पुढे उकळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली गंज रोखणारी द्रव्यं. ती संपली की आतून अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात होते. गाडी घेताना थंड इंजिनावर झाकण उघडून बघा. कूलंट स्वच्छ आणि एकाच रंगाचं असेल तर ठीक. तांबूस गढूळ असेल तर कुणीतरी पाणी ओतत आलंय. वर तेलकट साय असेल तर मामला गंभीर आहे. शंका असेल तर गॅरेजवाल्याकडून ब्लॉक टेस्ट करून घ्या: निळ्या द्रावणातून कूलंटच्या टाकीतली हवा ओढतात, त्यात इंजिनाचा जळका वायू असेल तर द्रावण पिवळं पडतं. दहा मिनिटांचं काम आहे.

रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या दहाव्या वर्षाच्या आसपास ठिसूळ होतात. ज्या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते, त्यांत ती नळी आतून फुटली तर कूलंट थेट गिअरबॉक्समध्ये जातं. अशा गाड्यांचा रेडिएटर मी दहा-अकरा वर्षांनी फुटायची वाट न बघता बदलायला सांगतो. लोकांना मी पैसे काढतोय असं वाटतं. वाटू दे.

तेल खाण्याबद्दल. जुनं इंजिन थोडं तेल खातं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिका तर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालेल असं म्हणतात. मला ते फार वाटतं. हजाराला पाव लिटरपर्यंत मी काळजी करत नाही, दर दोन आठवड्यांनी डिपस्टिक बघायला सांगतो. खरं नुकसान तेल खाण्याने होत नाही, ते न बघण्याने होतं. शिवाय जळालेलं तेल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, बसतं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, त्यामुळे तो सायलेन्सरच्या भावात मिळत नाही.

कन्व्हर्टरवरून आठवलं. इंजिनाचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला, की बरेच मेकॅनिक थेट कन्व्हर्टर बदलायला सांगतात. कोड एवढंच सांगतो की कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी दिसतंय. त्यामागे एक्झॉस्टची गळती असेल, मागचा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा एखादा सिलिंडर मिसिंग करत, म्हणजे मधेमधे पेट घेत नसेल. कोड म्हणजे निदान नव्हे, तक्रार. तक्रार ऐकून लगेच ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे आपण जात नाही. इथेही जाऊ नये.

स्कॅनर खरेदीच्या वेळी मात्र जरूर लावा. कोड दिसले नाहीत म्हणून खूश होऊ नका. ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा. गाडीचा संगणक उत्सर्जनाच्या चाचण्या स्वतःच करत असतो आणि कोड पुसले की त्या चाचण्यांची पाटी कोरी होते. बऱ्याच मॉनिटरांपुढे ‘अपूर्ण’ दिसत असेल तर गेल्या एक-दोन दिवसांत कुणीतरी कोड पुसलाय किंवा बॅटरी काढलीय. का, ते विचारा.

सस्पेन्शन, ब्रेक, टायर, बॅटरी यांना मी दोष मानत नाही, झीज मानतो. नऊ वर्षांत लोअर आर्मचे बुश फाटणार, स्टॅबिलायझर लिंक खडखडणार, शॉकअब्सॉर्बर ढिले पडणार. हे सगळं दिसतं, ऐकू येतं आणि भाव करताना कापता येतं. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पुढच्या चाकामागे एक्सलचा रबरी बूट असतो. तो फाटलेला वेळेत दिसला तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागतं, नाहीतर धूळ जाऊन जॉइंट जातो आणि वळताना कटकट आवाज येऊ लागतो. दुसरी, ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत घसरते. लांब उतारावर पॅडल खाली जातं ते यामुळे. दोन वर्षांनी बदला. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असलेला सात वर्षांचा टायर मी माझ्या गाडीला ठेवत नाही.

बिलात मजुरी आणि पार्ट यांचं नातं समजून घ्या, कारण जुन्या गाडीचा खर्च तिथे ठरतो. पार्ट किती महाग यापेक्षा तो किती आत बसलाय हे महत्त्वाचं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं मागचं ऑइल सील हे एक रबरी कडं. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते. ती गळली की डॅशबोर्ड काढण्यात दिवस जातो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून असं काही उघडलं जाईल तेव्हा विचारा, ‘याच उघड्या जागेत अजून काय जुनं दिसतंय?’ गिअरबॉक्स उतरलाच असेल तर सील, माउंटिंग, शेजारचा सेन्सर, सगळं तेव्हाच उरकून घ्या. चांगला मेकॅनिक हे स्वतः सांगतो.

पार्ट कुठले घ्यायचे? फिल्टर, ब्रेक पॅड, शॉकअब्सॉर्बर, बुश हे चांगल्या कंपनीचे बाहेरचे घेतले तरी चालतात. गाडीच्या कंपनीला माल पुरवणारेच बऱ्याचदा तो आपल्या नावाने स्वस्तात विकतात. थर्मोस्टॅट, ऑक्सिजन सेन्सर, इग्निशन कॉइल, टायमिंगचा संच यांत स्वस्त शोधू नका. दरवाजा, हेडलाइट, आरसा, अल्टरनेटर हे मोडीतल्या गाडीचे नीट मिळतात. मोडीतला गिअरबॉक्स? त्याचा इतिहास कळला तरच. नाहीतर एक आजारी बदलून दुसरा आजारी घरी आणाल.

नाव मोठं म्हणून गाडी चांगली, हेही धरून चालू नका. टिकाऊपणा बोधचिन्हाला नसतो, विशिष्ट वर्षाच्या विशिष्ट इंजिनाला आणि गिअरबॉक्सला असतो. टोयोटा कॅम्री हे टिकाऊपणाचं दुसरं नाव. तरी २००७ ते २००९ च्या २.४ लिटर चार सिलिंडर कॅम्रीत तेल खाण्याची तक्रार इतकी झाली की कंपनीने त्या कामाची वॉरंटी वाढवून दिली. होंडा अ‍ॅकॉर्डच्या चार सिलिंडर गाड्या वर्षानुवर्षं चालत असताना त्याच काळातल्या सहा सिलिंडरच्या व्ही-६ अ‍ॅकॉर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी २००४ मध्ये अमेरिकेत मोठा रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. ह्युंदाई सोनाटाच्या २०११-१२ च्या गाड्या २०१५ मध्ये परत बोलावल्या, कारण कारखान्यात क्रँकशाफ्ट कापताना उरलेला धातूचा कीस तेलाच्या वाटेत अडकून बेअरिंग जात होती. म्हणून तुमच्या गाडीचं वर्ष, इंजिनाचा कोड आणि गिअरबॉक्सचा प्रकार या तिन्हींची माहिती काढा. चेसिसचा सतरा अक्षरी क्रमांक कंपनीला देऊन रिकॉलचं काम राहिलंय का तेही विचारा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण आठवत असेल: त्यातल्या अमोनियम नायट्रेटचा उष्णता आणि दमटपणाने कस बदलायचा आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जगभर कोट्यवधी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) बदलावे लागले आणि काही गाड्या अजूनही न बदलता फिरतायत. रिकॉलचं काम फुकट होतं, त्यामुळे ते सोडू नये.

अजून एक मोह सांगतो: फार कमी चाललेली जुनी गाडी. नऊ वर्षं आणि फक्त २५,००० किलोमीटर, ऐकून तोंडाला पाणी सुटतं. पण ती दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत झाली असेल तर इंजिन कधी पुरतं गरमच झालेलं नाही. तेलात पेट्रोल आणि पाण्याचा अंश साचत राहतो, सील वाळतात, टायर उभ्या उभ्या म्हातारे होतात. तुमच्यासमोरची १,१०,००० वाली लांबच्या रस्त्यावर धावलेली आणि पावत्यांची फाइल असलेली निघाली, तर मी ती हिच्याआधी घेईन.

आणि वरच्या टोकाचं मॉडेल नको. सनरूफ, इलेक्ट्रिक सीट, एअर सस्पेन्शन, डझनभर मोटरी. नवेपणी ज्याचं कौतुक, तेच दहाव्या वर्षी दुरुस्तीच्या वहीत दिसतं. मधलं मॉडेल बघा. (डिझेलचा विचार असेल तर तो तुमच्या वापराला नको: कमी अंतराच्या फेऱ्यांत धूर गाळणारं फिल्टर स्वतःला जाळून साफ करू शकत नाही, ते तुंबतं.)

पुरात बुडालेली आणि चेसिसला गंज लागलेली, या दोन गाड्या कुठल्याही भावात घेऊ नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली तर आत काय झालंय ते समजा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा.

कधी थांबायचं हेही विचारलं असतंत तर बरं झालं असतं, कारण लोक खरे चुकतात तिथे. ‘आत्ताच एवढे घातलेत, आता कशी विकू’ असं म्हणत माणूस आणखी घालतो. घातलेले पैसे गेले. बघायचं ते पुढचं. समजा पाचव्या वर्षी गिअरबॉक्सला गाडीच्या किमतीच्या ४० टक्के लागणार. इंजिन चांगलं, सांगाडा चांगला, थकबाकी मिटलेली, तर ते काम करून अजून तीन वर्षं चालवणं हा बहुतेकदा दुसरी अनोळखी जुनी गाडी घेण्यापेक्षा स्वस्त सौदा ठरतो, कारण दुसरीची थकबाकी पुन्हा पहिल्यापासून. पण त्याच वेळी इंजिनही तेल पीत असेल आणि एसीही गळत असेल, तर नाकापेक्षा मोती जड झाला. तेव्हा विका, आणि खरं सांगून विका.

तुमच्या गाडीपुरतं: टायमिंग आणि गिअरबॉक्सचं तेल, या दोनच कामांच्या पावत्या आधी मागा. दोन्ही असतील आणि थंड इंजिनावर गाडी नीट वागली तर घ्या. पावत्या नसतील तर दोन्ही कामांचा खर्च भावातून वजा करून घ्या आणि नाव बदललं त्याच आठवड्यात करून टाका. इंजिन ऑइलही त्याच वेळी बदला, आणि काढलेला ऑइल फिल्टर मेकॅनिकला फेकू देऊ नका. तो कापून आतला कागद उलगडायला लावा आणि उन्हात धरून बघा. काळा गाळ असेल तर चालेल, पुढचं ऑइल ५,००० किलोमीटरला बदला. कागदावर चमकी दिसली तर पहिल्यांदा तिला चुंबक लावा. चिकटली तर पोलाद, कुठलातरी भाग घासतोय, शोधता येईल. चिकटली नाही आणि रंग तांब्याकडे झुकणारा असेल, तर तो बेअरिंगच्या आतल्या थरातून आलाय. मग बाकीची यादी बाजूला ठेवा आणि सगळ्यात आधी ऑइल प्रेशर मोजून घ्या.